शनिवार दुपार ते मंगळवार सकाळ

दादाचं डायलिसिस सुरू होऊन सव्वा वर्ष झालं होतं, तेव्हा मी त्याच्यापुढे अंदमानचा विषय काढला. विमानाने जायचं, हॉटेलात उतरायचं आणि बसमधून फिरायचं, तसलं अंदमान नव्हे. पोर्ट ब्लेअरहून एक लहान शिडाची बोट घ्यायची, तिच्यावरच झोपायचं, तिच्यावरच जेवायचं आणि एकामागून एक बेटं करत परत यायचं. मी हे इंटरनेटवर कुठेतरी वाचलं होतं. त्या शनिवारी सकाळी दादा घाटकोपरच्या सेंटरमध्ये खुर्चीत पडला होता. डाव्या हातात दोन सुया, शेजारी मशीन सुरू. पुढचे चार तास आम्हा दोघांना समोरासमोर काढायचे होते. एक गोष्ट बोलायची नव्हती, म्हणून दुसरं काहीतरी बोलणं भाग होतं.

न बोलायची गोष्ट अशी, की त्याच आठवड्यात डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून किडनी कोण देऊ शकेल असं विचारलं होतं. आई त्र्याहत्तर वर्षांची, तिचा प्रश्नच नव्हता. वहिनी आपणहून पुढे झाली, पण तिच्या तपासणीत साखर निघाली. त्यांना मूलबाळ नाही. उरलो मी.

"भावाचा रक्तगट कोणता?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"ओ पॉझिटिव्ह."

"पेशंटचाही ओच आहे. मग पुढच्या तपासण्या करून घेऊ. लग्न झालंय ना? मिसेसना एकदा घेऊन या. त्यांची संमती लागते."

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. "हो, करू या," असं म्हणत मी ती पाकिटात ठेवली. माझं हे 'हो' ऐकताना वहिनीचा चेहरा कसा झाला होता, ते मला अजून आठवतं. ती नुसती मान हलवत राहिली.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत तो होता. अंधेरीपासून मालाडपर्यंतच्या टॉवरांतल्या लिफ्टांची देखभाल त्याच्याकडे असायची. डोकं दुखतं म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खात राहिला, बीपी कधी मोजलंच नाही. एक दिवस जोगेश्वरीच्या एका इमारतीत मशीनरूमचा जिना चढताना धाप लागून पायरीवर बसला, आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्याचं कळलं. तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता.

आमचं आजोळ देवगडकडे. मे महिन्यात तिथे गेलो की शेजारच्या एका म्हाताऱ्या खलाशाच्या मागे लागून दादा शिडाची होडी चालवायला शिकला होता. खाडीत मलाही घेऊन जायचा. एकदा त्याने सुकाणू माझ्या हातात दिलं आणि मी होडी सरळ चिखलात घातली. भरती येईपर्यंत आम्ही तिथेच रुतून बसलो. किनाऱ्यावर आल्यावर म्हाताऱ्याने शिव्यांची लाखोली वाहिली, तेव्हा दादा म्हणाला, "माझ्याच हातून झालं." मी दहा वर्षांचा होतो. मी काही बोललो नाही.

म्हणून शिडाची बोट म्हटल्यावर त्याने डोळे उघडले.

"शिडाची? खरी शिडाची?"

"इंजिन असतं म्हणे. पण शीड पण असतं."

"किती फुटी?"

"मला काय माहीत."

"मग बघून ये ना रे. अर्धवट काय सांगतोस."

पुढच्या शनिवारी मी ऑफिसात काढलेले नकाशे घेऊन गेलो. मी एका विमा कंपनीत आजारपणाचे क्लेम तपासतो, दिवसभर लोकांच्या हॉस्पिटलच्या फायली वाचतो. दादाने ते चार कागद उजव्या हाताने मांडीवर जुळवले आणि नर्सकडे चिकटपट्टी मागितली. तिने दिलीही. "काय काका, फिरायला चाललात वाटतं?" ती म्हणाली. दादा म्हणाला, "बघू. तुम्ही सुट्टी दिलीत तर."

सुट्टी हाच खरा प्रश्न होता. त्याचे वार ठरलेले होते, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. शनिवारी सुटला की मंगळवारपर्यंत मोकळा. आठवड्यातला हा एवढाच लांब तुकडा. पोर्ट ब्लेअरलाही डायलिसिसची सोय होती, ते मी फोन करून विचारलं होतं. म्हणजे शनिवारी तिथे करायचं, दुपारी बोटीवर चढायचं आणि मंगळवारी सकाळी परत सुयांना हात द्यायचा. मधल्या तीन रात्रींत जेवढी बेटं बसतील तेवढी बसवायची.

दादाने हे काम लिफ्टच्या वेळापत्रकासारखं हाती घेतलं. एक शंभर पानी वही आणायला लावली. डाव्या पानावर अंतरं, उजव्या पानावर तास. पोर्ट ब्लेअर ते नील, नील ते हॅवलॉक, मग हॅवलॉकच्या वर ज्या निर्जन बेटांवर उतरायला परवानगी नाही पण ज्यांना वळसा घालता येतो ती बेटं. मी बोटवाल्याचा नंबर शोधला. तो नौदलातून निवृत्त झालेला, मूळचा अलिबागकडचा माणूस निघाला, त्यामुळे मराठीत बोलणं झालं. मी स्पीकर लावून फोन दादाच्या छातीवर ठेवला.

"फेब्रुवारीत वारा ईशान्येचा असतो," तो म्हणाला. "म्हणजे जाताना समोरून, येताना पाठून. येताना मजा आहे. जाताना शिडावर गेलात तर तिरकं तिरकं जावं लागेल, वेळ लागेल."

"आणि इंजिनावर?"

"मग चार-पाच तासांत नील."

"इंजिनावरच जायचं तर फेरीबोट काय वाईट आहे," दादा म्हणाला.

तो माणूस हसला. मग म्हणाला, "एक लक्षात ठेवा, इकडे साडेपाचला अंधार पडतो. तुमच्या मुंबईसारखं नाही. अंधाराच्या आत नांगर टाकलेला बरा."

दादाने ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. बाराला निघायचं तर अकराला डायलिसिस संपलं पाहिजे, म्हणजे सातला सुरू झालं पाहिजे. बोटवाल्याला आजाराचं सांगायचं की नाही यावरून आमचा वाद झाला होता. मी म्हणत होतो आत्ताच कशाला सांगायचं, तो नाही म्हणेल. दादाने त्याच फोनवर सगळं सांगून टाकलं. "डॉक्टरांचं पत्र आणा," बोटवाला म्हणाला. "बाकी बोटीवर झोपायला जागा आहे. प्यायचं पाणी भरपूर असतं."

"ते मला नको असतं," दादा म्हणाला.

पाण्याचं त्याचं असं होतं, की दिवसाला एक लिटर, त्यात चहा, आमटी, ताक सगळं धरून. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा आणि घड्याळ बघायचा. अंदमानला शहाळी भरपूर, पण शहाळं त्याला बिलकूल चालायचं नाही. "सगळीकडे पाणी आणि मी बसणार चूळ भरत," एकदा तो म्हणाला, पण मला हसू आलं नाही.

पाकिटातली चिठ्ठी मी काढली नव्हती. पहिला महिना सांगितलं, ऑफिसात मार्च एंडिंग आहे. मग मुलीची परीक्षा. मग मला बारीक ताप येऊन गेला, तर डॉक्टर म्हणतील थांबा, असं मीच ठरवून टाकलं. मला भीती वाटत होती. माझ्या टेबलावर एकदा एका दात्याची फाइल आली होती. बहिणीला किडनी देणारा, माझ्याच वयाचा, ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी गेलेला. अशी फाइल माझ्या सगळ्या नोकरीत ती एकच. बाकीचे घरी गेले, कामाला लागले, हे मला माहीत होतं. पण मी ती एकच फाइल मनात धरून बसलो. त्यातला डिस्चार्जच्या जागी लिहिलेला शब्द मला पाठ झाला होता.

मला कुणी घाईही करत नव्हतं. आई तर एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तुझ्या पदरात पोर आसा. माका दोघांचीय काळजी." तिला काय म्हणायचं होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. पण मी ते परवानगीसारखं घेतलं.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा एका शनिवारी वहिनी सेंटरमध्ये डबा घेऊन आली आणि तिने सरळच विचारलं, "भावोजी, तपासणीचं काय झालं?"

माझ्या हातात बोटीचा फोटो होता. दादा डोळे मिटून पडला होता. मी म्हणालो, "वहिनी, माझं काही नाही. पण हिचं मन तयार होत नाहीये."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं. पण निघाल्यावर मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. वहिनी एवढंच म्हणाली, "असं होय." डबा ठेवून ती निघून गेली.

माझी बायको मुलुंडच्या एका शाळेत शिकवते. किडनीबद्दल मी तिला एका शब्दाने विचारलेलं नव्हतं. डॉक्टरांनी बोलावलं होतं, तपासण्या करायच्या आहेत, एवढं तिला ठाऊक होतं. पुढचं मी सांगेन म्हणून ती थांबली होती. गणपतीत आम्ही घाटकोपरला गेलो तेव्हा वहिनीने तिला हळदीकुंकू लावलं, पण नेहमीसारखं स्वयंपाकघरात बोलावलं नाही. परत येताना बायको म्हणाली, "वहिनींचं काही बिनसलंय का माझ्याशी?" मी म्हणालो, "दमतात गं त्या." दिवाळीला वहिनीने फराळ पाठवला तो आईच्या हातून.

एव्हाना वही पाऊणएक भरली होती. फेब्रुवारीचा एक शनिवार ठरला होता. दादाने बोटीचं चित्र काढलं होतं, बाजूने आणि वरून, लिफ्टच्या नकाशासारखं मापांसकट. कोण कुठे झोपणार, त्याच्या औषधांची पेटी कुठे बांधायची, उलटी झाली तर कुठल्या बाजूला वाकायचं. बोटवाल्याला तो मला न सांगताही फोन करायला लागला होता. सेंटरमधली माणसं त्याला चिडवायची. शेजारच्या खुर्चीतल्या एका रिटायर्ड बाई विचारायच्या, "आज कुठपर्यंत पोचलात?" तो सांगायचा, "हॅवलॉक सोडलं. वारा पडलाय."

मला त्या शनिवारांची ओढ लागली होती. हे लिहायला लाज वाटते, पण ते माझ्या आठवड्यातले सगळ्यात चांगले चार तास होते.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी वहिनी आमच्या मुलुंडच्या घरी आली. एकटीच. एरवी ती रिकाम्या हाताने कधी येत नाही, त्या दिवशी हातात काही नव्हतं. मुलगी क्लासला गेली होती. बायकोने पाणी दिलं. वहिनीने ते घेतलं नाही.

"मी पाया पडायला आले नाहीये," ती बायकोला म्हणाली. "फक्त एक विचारायला आले. तुला नेमकी कशाची भीती वाटते? डॉक्टरांशी बोलायचं असेल तर मी घेऊन जाते. तुला वाटत असेल की भावोजींना पुढे काही झालं तर, तर मी आहे. मी काम करते, मी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. पण तू इतके महिने नुसती नाही म्हणून बसलीस, आणि तिकडे ह्यांचे पाय बघितलेस का सुजून कसे झालेत ते?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीजवळ उभा होतो. तिला सगळं कळायला किती वेळ लागला असेल? दोन सेकंद. तिने मला तोंडघशी पाडलं असतं तर बरं झालं असतं. पण ती वहिनीला म्हणाली, "वहिनी, मला दोन दिवस द्या."

वहिनी गेल्यावर तिने दार लावलं आणि सोफ्यावर बसली.

"मी नाही म्हणाले?"

"अगं, ऐक ना."

"मला विचारलंस कधी तू? मी वाट बघत होते. मला वाटलं तुझ्या टेस्ट चालल्या असतील, काही नीट येत नसेल, म्हणून बोलत नाहीस. मी विचारलं तर तुला वाटेल मी अडवतेय, म्हणून गप्प होते मी."

मी खिडकीची कडी लावत बसलो.

"आता विचार," ती म्हणाली. "विचार ना. मी बसलेय इथे."

मला खरंच विचारता येईना. शेवटी तोंडून आलं ते असं, "तू हो म्हणशील?"

"हे विचारणं नाही झालं. हे तू मला नाही म्हणायला सांगतोयस." तिचा आवाज चढला नव्हता, वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलावं तसा होता. "माझं हो आहे. जिथे सही लागते तिथे करते. आता तुझं तू बघ. आणि वहिनींना तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

पुढच्या शनिवारी मी दादाला सांगितलं. मशीन सुरू झालं, नर्स पलीकडे गेली, आणि मी सांगून टाकलं, की हिने कधीच नाही म्हटलं नव्हतं, मीच खोटं बोललो, मला भीती वाटते.

त्याने मशीनवरचे आकडे बघितले.

"ती नाही म्हणणारी नाही, हे काय मला कळत नव्हतं?" तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? भावाला सांगू, काढ आणि दे? मला पण भीती वाटली असती रे. पण तिच्या नावावर नको टाकायला हवं होतंस. ते वाईट केलंस."

"मी वहिनीला सांगतो."

"नको. ती तुला परत घरात घेणार नाही. आईचं काय करायचं मग? मी सांगेन तिला, माझ्या पद्धतीने." मग उजव्या हाताने त्याने वही ओढली. "सोमवारचं बघ. हॅवलॉकहून दुपारी बाराच्या आत निघालो नाही तर वाट लागेल आपली."

त्याने वहिनीला सांगितलं नाही. मीही नाही.

सोमवारी मी रजा टाकून तपासणीला गेलो. रक्त दिलं, लघवी दिली, पोटाची सोनोग्राफी झाली. मुख्य रिपोर्टला तीन-चार आठवडे लागणार होते. मधल्या काळात दादाच्याही तपासण्या सुरू झाल्या. ऑपरेशनला तो तयार आहे का ते बघायला. वहिनी पहिल्यांदाच जरा हसून बोलली माझ्याशी. "तिला तयार केलंत ते बरं झालं," म्हणाली. मी ते ऐकून घेतलं.

रिपोर्ट आले तेव्हा दादा, वहिनी आणि मी तिघेही डॉक्टरांसमोर बसलो होतो. माझं सगळं जुळत होतं. भावांमध्ये असतं तसं, चांगलं जुळत होतं. डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि दादाच्या हृदयाचा रिपोर्ट समोर ओढला. हृदयाचं पंपिंग फार खाली आलं होतं. एवढ्यावर ऑपरेशन झेपणार नाही. औषधं देऊ, तीन महिन्यांनी परत बघू.

"आणि अंदमान?" दादाने विचारलं.

डॉक्टरांना कळलं नाही. मी समजावलं. त्यांनी चष्मा काढला. "विमान नको. बोट तर नकोच."

बाहेर आल्यावर वहिनी औषधांच्या रांगेत उभी राहिली, तेवढ्यात मी परत आत गेलो. विचारलं, "डॉक्टर, मी आठ-नऊ महिने आधी आलो असतो तर?"

"ते आता कसं सांगणार," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते आणि खरंही सांगत नव्हते. माझ्यामागे पुढचा पेशंट येऊन उभा राहिला होता.

पुढच्या शनिवारी मी वही नेली नाही. दादाच्या पायात गोळे येत होते, नर्स पाय दाबून धरत होती. गोळा उतरल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "वही कुठाय?"

"कशाला आता?"

"कशाला म्हणजे?" तो एकदम भडकला. सेंटरमधले सगळे बघायला लागले. "तू मला नेणार होतास ना बेटांवर? तू? जुहूला गुडघाभर पाण्यात जायचं नाव काढलं तरी तुझी टरकते. मला कळत नव्हतं होय रे, हे सगळं कशासाठी चाललंय ते? चार तास गप्प बसायला लागू नये म्हणून. मी विचारेन की काय म्हणून. दर शनिवारी नवीन बेट घेऊन यायचास तू."

मशीन वाजायला लागलं. त्याचं बीपी खाली गेलं होतं. नर्सने खुर्ची आडवी केली, पाय वर केले, मला बाहेर थांबायला सांगितलं. अर्ध्या तासाने आत बोलावलं. तो पांढराफटक पडला होता. ओठ कोरडे. मी बर्फाचा खडा पुढे केला, त्याने घेतला.

"पण मला आवडत होतं रे," तो म्हणाला. "खरंच आवडत होतं. तू लबाडीने का आणेनास, मला आवडत होतं."

मी खाली जाऊन स्कूटरच्या डिकीतून वही आणली. वर नेली नव्हती, पण घरीही ठेवली नव्हती. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. नीलला पोचल्यावर पहिल्यांदा काय खायचं यावर त्याने मोठा वेळ घेतला. मीठ घालून भाजलेला मासा, त्याला जो बंद होता तो, त्याने माझ्याकडून लिहून घेतला.

असे आणखी पाच शनिवार झाले. ठरलेला फेब्रुवारीतला शनिवारही त्यातच आला आणि गेला. त्या दिवशी त्याने बोटवाल्याला फोन लावायला सांगितलं आणि तिकडे वारा कसा आहे ते विचारलं. छान आहे, असं तो म्हणाला.

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. भांडुपच्या सिग्नलला फोन वाजला. वहिनी. "आंघोळीला गेले आणि आवाज आला," एवढंच ती म्हणाली. मी पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला पलंगावर आणून ठेवलं होतं. केस ओले होते. आई त्याचा डावा हात, तो सुयांनी गाठाळलेला हात, पदराने पुसत बसली होती. डॉक्टर येऊन गेले होते. नंतर मला कुणीतरी सांगितलं, की डायलिसिसवरच्या माणसाला तोच शनिवार ते मंगळवारचा लांब खंड जड जातो. अंगात पाणी साठतं, हृदयावर ताण येतो.

मंगळवारी दुपारी सेंटरमधून फोन आला, पेशंट अजून कसे आले नाहीत. वहिनीनेच तो घेतला.

बोटवाल्याला मी आठवड्याने कळवलं. तो म्हणाला, "त्यांचा आठ दिवसांपूर्वी, रविवारी फोन होता. मुंबईत वाऱ्याचा पत्ता नाही म्हणत होते." मी विचारलं, आणखी काय म्हणाले. "काही नाही. आमच्या शिडाचं कापड कुठलं ते विचारलं." मृत्यूच्या आदल्या दिवशी त्याने तो फोन केला होता. मला माहीत नव्हतं.

तेराव्याला माझी बायको सकाळपासून वहिनीच्या स्वयंपाकघरात राबत होती. वहिनी तिच्याशी कामापुरतं बोलत होती. बायकोने वाढलेलं ताट तिने बाजूला सरकवून ठेवलं आणि स्वतः दुसरं घेतलं. मी ते बघितलं. बायकोनेही बघितलं, आणि पाण्याचे तांबे भरायला ती बाहेर गेली.

तरी मी आणखी तीन आठवडे घेतले. मग एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर एकटाच घाटकोपरला गेलो. आई आत झोपली होती. वहिनी ओट्याशी मेथी निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. चिठ्ठी, ताप, ती एक फाइल, बायकोला कधीच विचारलं नव्हतं ते.

तिने जुडी खाली ठेवली. मला वाटलं ती किंचाळेल.

"ह्यांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो. डिसेंबरपासून. मी सांगितलं होतं. तोच म्हणाला होता, तुम्हाला मी सांगतो."

"मला नाही सांगितलं." ती भिंतीकडे बघत होती. "म्हणजे तुम्ही दोघा भावांनी मिळून ठरवलंत. आणि मी त्या पोरीने वाढलेलं ताट सरकवलं. तेराव्याला. तुमच्यासमोर."

"वहिनी..."

"तुम्ही जा आता."

मी चपला घालत होतो तेव्हा तिने मोबाइल घेतला. नंबर लावताना तिचा अंगठा दोनदा चुकला. पलीकडून माझ्या बायकोने उचलला असावा, कारण वहिनी "अगं" म्हणाली आणि पुढे तिला बोलताच येईना. मी जिना उतरलो.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. वहिनी माझ्याशी बोलत नाही. आई आमच्याकडे असते. तिला घाटकोपरला न्यायचं असलं की मी तिला गेटपर्यंत सोडतो आणि वर जात नाही. माझी बायको आणि वहिनी मात्र रोज बोलतात. वहिनीच्या साखरेच्या तपासणीला तीच सोबत जाते. घरात आम्ही दोघं भांडत नाही, मुलीसमोर नीट वागतो, बाजारहाट करतो. वहिनी आली होती त्या रविवारच्या दुपारचा विषय बायकोने पुन्हा काढलेला नाही. मी एकदा काढला, तर ती म्हणाली, "मला वह्या तपासायच्यात," आणि खरंच तपासायला बसली.